हिवाळा म्हणा

"हिवाळा," त्याच्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावत ती म्हणाली. "म्हणा. हि-वा-ळा."

"चमचा," तो म्हणाला.

"चमचा नाही हो. हिवाळा. का आवडतो? कारण थंडीत चहा गोड लागतो. काल संध्याकाळी म्हणालात की नाही? छान म्हणालात."

काल संध्याकाळी तो "थंडी" एवढंच म्हणाला होता, आणि तेही बहुधा खिडकी उघडी होती म्हणून. पण गेल्या सात महिन्यांत तिला अर्ध्या शब्दाचं अख्खं वाक्य करायची सवय लागली होती. मेंदूतली एक शीर फुटली आणि त्याचे सगळे शब्द गेले; उरला तो चमचा. पाणी हवं तरी चमचा, दिवा घालवायचा असला तरी चमचा, आणि तिला हाक मारायची तर तिचंही नाव चमचा. एक "च्यायला" तेवढं अजून स्वच्छ यायचं, पण ते परीक्षेत धरत नाहीत, असं बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी हसून सांगितलं होतं.

परीक्षा आज अकराला होती. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर बोलायला शिकवणारं एक केंद्र होतं. जागा मोजून आठ, आणि रांगेत माणसं शंभर. बारा आठवडे शिकवून झाले की बाई परीक्षा घ्यायच्या. ज्याला एका साध्या प्रश्नाचं स्वतःच्या मनातलं उत्तर, कारणासकट देता आलं, त्याला पुढचे बारा आठवडे मिळायचे. बाकीच्यांना सरावाची वही देऊन घरी पाठवत. घरी पाठवलेल्यांपैकी कुणी पुढे बोलल्याचं तिच्या ऐकण्यात नव्हतं.

प्रश्न कोणता, हे तिला तिथेच शिकणाऱ्या एका गवंड्याच्या बायकोने बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या सांगून टाकलं होतं. "सगळ्यांना तोच विचारतात. आवडता ऋतू कोणता आणि का. आमचे म्हणाले, पावसाळा, काम बंद. झाले पास!"

त्या दिवसापासून, म्हणजे एकोणीस दिवस, घरात हिवाळा चालू होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं तरी.

हिवाळाच का, याचा तिने फार विचार केला नव्हता. चौतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला काय आवडतं हे बायकोला विचारावं लागत नाही, असं तिचं मत होतं. थंडीत तो गोधडीत बसून दोनदोनदा चहा मागायचा. मग हिवाळाच.

ती बोलायची फार. इमारतीत तिला सगळे "रेडिओ" म्हणत, आणि हे नाव त्यानेच ठेवलं होतं. तो छापखान्यात मशीनमन. दिवसभर यंत्राच्या धडधडाटात उभा राहायचा आणि घरी आला की हिच्या तोंडाचा पट्टा सुरू. तो "हं" म्हणायचा. कधी "मग?" म्हणायचा. त्या "हं" आणि "मग?" वर तिने चौतीस वर्षं काढली, आणि ते दोन शब्द गेले तेव्हा कुठे तिला कळलं की आपण इतकी वर्षं एकट्याच बोलत नव्हतो. आता ती बोलायची आणि बोलणं भिंतीला लागून परत यायचं. दुपारी कधीकधी तिला वाटायचं, आपण वेड्या होऊ. अगदी खरंच होऊ.

"एकदाच म्हणा," पायात चप्पल घालून देताना ती गुडघ्यांवरच थांबली. "पाया पडते तुमच्या. एकदाच."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ओठ जुळवले, सोडले. कपाळावर घाम आला.

"च्यायला," तो म्हणाला.

बाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी त्याला टेबलापाशी बसवलं आणि तिची खुर्ची त्याच्या मागे, भिंतीला लावून ठेवली.

"काकू, तुम्ही आज एक शब्दही बोलायचा नाही. तुम्ही त्यांच्या तोंडातून शब्द काढून घेता, माहितेय ना?"

"मी? मी कुठे," ती म्हणाली, आणि मग तोंडावर बोट ठेवून बसली.

आधी चित्रं झाली. किल्ली दाखवा, कात्री दाखवा. त्याने डाव्या हाताने बरोबर दाखवली. नावं विचारली तेव्हा दोन जमली आणि तीन चमचे झाले. बाई कागदावर खुणा करत होत्या. तिला ती पेन्सिल दिसत होती पण खूण दिसत नव्हती. पिशवीचा बंद तिने बोटाला इतका गुंडाळला की टोक पांढरं पडलं.

"आता शेवटचं. काका, घाई नाही. तुमचा आवडता ऋतू कोणता?"

"हि," तो म्हणाला.

मागे बसून ती ओठांनी म्हणत होती, वा, ळा.

"हि... हि..." तो थांबला. त्याने मान हलवली, माशी हाकलावी तशी. मग बाईंच्या मागच्या खिडकीकडे बघत राहिला. तिथे समोरच्या गच्चीवर ऊन पडलं होतं आणि कुणी माणूस नव्हतं.

"उन्हाळा," तो म्हणाला.

संपलं, असं तिला वाटलं. एकोणीस दिवस पाण्यात गेले.

"उन्हाळा," बाईंनी शांतपणे म्हटलं. "का बरं?"

"कारण." एवढा शब्द तो नीट बोलला. पुढचे त्याला एकेक करून आणावे लागले. "सुट्टी... मुलं..." डावा हात मागे वळला आणि बोट तिच्याकडे झालं. "ही... आईकडे."

बाईंची पेन्सिल थांबली.

"घर... गप्प." त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. ओठाची एकच बाजू वर गेली, पण हसूच होतं. "मी... एकटा. मजा."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि कागद उलटला.

"काकू, आता तुम्ही. पाठ करून आलेलं उत्तर आम्ही धरत नाही, आणि तोंडाला येतील ते सुटे शब्द बोलले तर तेही नाही. म्हणून इथे घरच्यांचा दुजोरा लागतो. हे त्यांच्या आयुष्याला धरून आहे, की असंच? नीट आठवून सांगा. यावरच आहे सगळं."

नीट आठवायची गरज नव्हती. शाळांना सुट्टी लागली की ती दोन्ही मुलांना घेऊन आईकडे जायची, दीड महिना. दर रविवारी तो फोन करायचा आणि दर वेळी म्हणायचा, "कधी येतेस? घर खायला उठतंय." ती हे आईला सांगायची, बहिणींना सांगायची, शेजारणींना तर सांगून सांगून विटवलं होतं. माझ्यावाचून यांचं पान हलत नाही.

एका वर्षी ती न कळवता चार दिवस आधी परतली होती. तो बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसला होता. पुढ्यात वर्तमानपत्र, त्यावर काकडी, हातात सुरी. अगदी सावकाश चकत्या करत होता. दार उघडंच होतं आणि त्याला तिची चाहूल लागली नव्हती. इतका निवांत चेहरा तिने आधी कधी पाहिला नव्हता. मग त्याने वर बघितलं. "आलीस?" म्हणाला, आणि उठून बॅग घेतली. तेव्हा तिला वाटलं होतं, किती हरखले हे आपल्याला बघून.

"काकू?"

नाही म्हणणं सोपं होतं. त्यांना काही कळत नाही हो, काहीही बोलतात, आवडतो तो हिवाळाच. एवढं म्हटलं की उन्हाळा सुट्या शब्दांत गेला असता. इमारतीत कुणाला कळलं नसतं आणि तिलाही ते विसरता आलं असतं. वही घेऊन दोघं घरी गेली असती, आणि ती रोज त्याला हिवाळा म्हणायला शिकवत बसली असती.

तो मान वळवून तिच्याकडे बघत होता. शाळेतल्या पोराने बरोबर उत्तर दिल्यावर बघावं, तसा.

"खरं आहे," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने पुन्हा म्हणाली. "खरं आहे, बाई. दरवर्षी जायचे मी. दीड महिना."

"हे शिकवलेलं नाही ना?"

"हे मी कशाला शिकवीन?"

बाई खुदकन हसल्या, मग तिचा चेहरा बघून थांबल्या आणि कागदावर लिहू लागल्या. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "अभिनंदन, काका. पुढचे बारा आठवडे आपण भेटतोय."

"च्यायला," तो म्हणाला.

बसथांब्यावर सावली वीतभर होती. तिने त्याला सावलीत बसवलं, काठी त्याच्या गुडघ्यांना टेकवून ठेवली आणि शेजारी उन्हात बसली. एरवी एव्हाना तिने बाईंचे केस, जिन्यातला वास, गवंड्याची बायको, सगळं सांगून संपवलं असतं. एक बस गेली, ती त्यांची नव्हती. तिच्या जिभेवर किती तरी आलं होतं. फोनवर खोटं का बोलायचात, इथपासून सुरुवात होती आणि शेवट कुठेच नव्हता. ती दात आवळून समोरच्या दुकानाची पाटी वाचत राहिली.

तो आधी स्वस्थ होता. मग चुळबुळ करू लागला. त्याने तिच्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं.

"चमचा?" तो म्हणाला.

एरवी तिने पाण्याची बाटली काढली असती, किंवा टोपी, किंवा रुमाल. आज तिने पिशवीला हात लावला नाही. काय हवंय ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असल्यासारखं करायचं त्राणही उरलं नव्हतं. ती नुसती थांबली.

त्याने ओठ जुळवले, सोडले. काठी खाली पडली ती कुणी उचलली नाही. पुन्हा जुळवले. डाव्या हाताने त्याने तिची बाही धरली.

"तू... रागावलीस?"

सात महिन्यांनी त्याने तिला काही विचारलं होतं. इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं एकदम वर आलं, आणि तो वाट बघत होता.

"नाही," ती म्हणाली.

"हं," तो म्हणाला, आणि त्याने बाही सोडली.

वाकून तिने काठी उचलली आणि पुसून त्याच्या हातात दिली.