टेबलावरच्या रेघा

वहिनीला शब्दांची भीती कधीच वाटली नाही. वाटायची ती भाव करण्याची. शब्दकोशाच्या कचेरीत तिची बारा वर्षं गेली होती, पण दुकानदार सांगेल ती किंमत मुकाट्याने मोजून घरी यायची. म्हणून जुन्या फर्निचरच्या दुकानात टेबल घ्यायला निघताना तिने नणंदेला सोबत घेतलं. नणंदेला लांबून बघूनच दुकानदार घाम पुसायचे.

टेबल सहा फुटी, भक्कम. दुकान चालवणाऱ्या सुताराने चार हजार सांगितले.

"दोन," नणंद म्हणाली.

म्हातारा सुतार वाद घालत बसला नाही. कानावरची पेन्सिल काढून त्याने टेबलाच्या मधोमध रेघ ओढली. "दोन हजारांत इथपर्यंतचं मिळेल, ताई."

"थट्टा करता? अडीच!"

त्याने थोडी पुढे दुसरी रेघ ओढली. वहिनीला हसू आवरेना.

"काय झालं?" सुताराने विचारलं.

"कचेरीत सध्या इंग्रजीतल्या 'हॅगल' शब्दावर काम चाललंय. आज त्याचा अर्थ घासाघीस. पण मुळात तो होता वेडंवाकडं तोडणं. घाव घालणं या अर्थाच्या उत्तर युरोपातल्या एका जुन्या शब्दावरून आलाय. आम्ही किंमत घासतोय, तुम्ही टेबलच तोडायला निघालात!"

"वेडंवाकडं?" सुतार दुखावला. "माझा काप सुतात असतो, एकदम सरळ, ताई."

"तीन, आणि हे शेवटचं," नणंद गरजली.

तिसरी रेघ साडेचार फुटांवर पडली. तेवढ्यात वहिनीला पर्समधली चिठ्ठी आठवली. घाबरण्याच्या नादात ती बघायचीच राहिली होती. खिडकीखालची जागा: साडेचार फूट.

"थांबा! इथेच कापा."

"वहिनी, डोकं फिरलं का तुझं? अख्खं टेबल मी तीनात आणलं असतं!"

पण करवत चालू झाली होती. सुताराने टेबल कापलं, पाय सरकवून ठोकले. दीड फुटाची फळी बाजूला उरली. वहिनी तिच्याकडे बघत राहिली आणि कशी कोण जाणे, बोलून गेली, "ती फळीही द्या. तीन हजारांतच. नाहीतर टेबलही राहू दे."

सुताराने कापलेल्या टेबलाकडे पाहिलं. "आता हे मी कुणाच्या गळ्यात मारू?" असं म्हणत त्याने कपाळाला हात लावला आणि फळी पुढे केली. नणंदेचा आ वासलेलाच राहिला.

हातगाडीवर टेबल चढलं. कोपऱ्यापर्यंत जाताना नणंदेने फळी मिरवत धरली होती. "वहिनी, हे तू आधीच ठरवलं होतंस ना?"

"नाही हो, वन्सं. तोंडातून निघून गेलं." आणि वहिनी थबकली. "बिचाऱ्याने करवत चालवली, पाय ठोकले. त्याची मजुरी?"

नणंद नको नको म्हणेपर्यंत ती परत दुकानात पोचलीसुद्धा.

"दोनशे घ्या."

"छे हो, शंभर पुरे," सुतार म्हणाला.

"दोनशे!"

"शंभर. एक पैसा जास्त घेणार नाही."

"बरं, दीडशे."

मागून धापा टाकत आलेल्या नणंदेने हे ऐकलं, फळी दाराशी आडवी टाकली आणि तिच्यावरच बसकण मारली.