माझा थेंब बंद केला तेव्हा

मित्रांनो, तुमच्या अंगठ्याहून थोडा मोठा, पितळेचा, आता हिरवट पडलेला असा मी एक जुना सेफ्टी वॉल्व्ह आहे. गिझरच्या पोटाखाली, थंड पाण्याच्या नळीपाशी मी बसायचो. तिथे सहसा कोणी मान वर करून पाहत नाही.

उल्हासनगरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. मला ओतलं, घासलं आणि पोटात एक स्प्रिंग घातली. माझं काम एकच होतं. पाणी तापलं की फुगतं. गिझरमध्ये त्याला जागा पुरेनाशी झाली की मी तोंड उघडायचं, चार थेंब सोडायचे आणि पुन्हा मिटायचं. थेंब म्हणजेच माझं बोलणं.

सुरुवातीला आम्ही अंबरनाथला भाड्याच्या खोलीत होतो. तिथे पाणी इतकं मंद यायचं, की मला क्वचितच बोलावं लागलं. घरात मिलिंद, त्याची बायको नेत्रा आणि त्याची आई कौसाबाई. सोनिवली गावातली त्यांची शेती एका टॉवरसाठी गेली होती. टॉवर उभा राहिला तसा त्यातलाच दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांना मिळाला. जुना गिझर सोबत आला, त्याच्यासोबत मीही आलो. त्याच वर्षी राजसीचा जन्म झाला.

नव्या घरात पाण्याला भलताच जोर होता. पाण्याची टाकी पार वर गच्चीवर, आणि आम्ही तळाशी. मिलिंद खूश होता. "शॉवर बघ, एकदम फाइव्ह स्टार!" असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. त्या जोराची सगळ्यांनी स्तुती केली. माझ्या स्प्रिंगला मात्र तो सोसत नव्हता. गिझर लागला की मी गळायचो, आणि बंद झाल्यावरही बराच वेळ गळत राहायचो.

आणि भिंतीतून ठोके यायचे. ठक्. मग पुन्हा ठक्. जणू टाइल्सच्या मागे कोणी उभं आहे आणि आत येऊ का, असं विचारतंय. राजसी झोपेतून दचकून उठायची. नेत्रा तिला छातीशी धरून भिंतीकडे बघत बसायची.

कौसाबाईंना मात्र ते ठोके ओळखीचे वाटले. "आपल्या शेताची इहीर हाय खाली," त्या म्हणाल्या. "मातीनं बुजवली तिला. तवा गप रायली, आता ठोकतेय."

विहीर ठोकते की नाही, मला सांगता येणार नाही. मी पाण्याच्या संगतीत वाढलो. पाणी काय काय लक्षात ठेवतं, हे मलाही पुरतं ठाऊक नाही.

कौसाबाईंची भीती वेगळीच होती. बुजवलेल्या विहिरीच्या डोक्यावर पाणी वाया घालवलं, तर ती चिडेल आणि तिची नजर बाळावर जाईल. म्हणून त्यांनी सोसायटीत किरकोळ कामं करणाऱ्या नाथाला बोलावलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"मावशी, कंपनीने काय येड्यासारखं भोक ठेवलंय का?" नाथा म्हणाला.

"कंपनीला इहीर म्हाईत हाय का? पानी सांडाचं नाय म्हंजे नाय. बूच मार."

त्याने बूच आवळून बसवलं. माझं तोंड बंद झालं.

मित्रांनो, ओरडायचं असतं आणि तोंडच नसतं, ते कसं असतं हे मी तेव्हा शिकलो. रोज सकाळी गिझरचा लाल दिवा लागायचा. पाणी तापायचं, फुगायचं, आणि वाट सापडत नाही म्हणून चहूबाजूंनी पत्रा ढकलायचं. आणि नेमकं आमच्याखाली, पाटावर पाय पसरून, कौसाबाई नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालायच्या. तेल, डाळीचं पीठ, गाणं. राजसी हात नाचवत वर माझ्याकडे बघून हसायची. त्या घरात माझ्याकडे बघणारं तेवढं एकच माणूस होतं.

नेत्राच्या मनाला शांतता नव्हती. बेसिनखालची नळी फुगली होती. नळाचा वॉशर बदलला, तो पुन्हा गेला. फ्लशची टाकी सतत सूं सूं आवाज करायची. मग तिने एक खेळ सुरू केला. नळ झटकन बंद करायचा आणि कान द्यायचा. मग अगदी हळू बंद करायचा, पुन्हा कान द्यायचा.

"ठोका नळ झटकन बंद केला तरच येतो," ती मिलिंदला म्हणाली. "नाहीतर वॉशिंग मशीन पाणी घ्यायचं थांबलं की येतो. मी नळ कसा फिरवला, ते विहिरीला कसं कळतं?"

"प्रेशर आहे म्हणून रडतेस? अंबरनाथला धार नव्हती तेव्हा काय नाचत होतीस?"

"चेष्टा नको रे. मला भीती वाटते."

"तुला कशाची वाटत नाही ते सांग."

दुसऱ्या दिवशी ती राजसीचा टॉवेल घेऊन न्हाणीघरात आली. गिझर चालू होता. तेवढ्यात वरून एक थेंब पडला आणि राजसी किंचाळली. तिच्या दंडावर लाल ठिपका उठला. तो थेंब माझा नव्हता. गिझरच्या पत्र्याचा जोड ताणून सुटू लागला होता. पाण्याने दुसरं तोंड शोधलं होतं.

नेत्राने वर पाहिलं. तिला जोडावरची गंजाची ओली रेघ दिसली, आणि मग माझ्या तोंडातलं बूच. तिने सासूच्या पायांवरून लेक तशीच उचलली, साबणासकट.

"कनाला उचललीस गो? अंघोल अर्धी रायली! डोल्यान साबन जाल!"

"आई, उठा! आधी बाहेर या!"

तिने गिझरचं बाहेरचं बटण बंद केलं. मग आतला जोर उतरावा म्हणून बेसिनचा गरम नळ हळूच उघडला. पाणी शिट्टी मारत, थुंकत आलं.

दुपारी भगवान प्लंबर आला. सगळे नळ बंद करून त्याने एका नळाला पाण्याचा जोर मोजणारा, घड्याळासारखा गेज लावला. काटा सातपाशी गेला. "घराला तीन पुरे, ताई." खालच्या मजल्यांसाठी जोर कमी करणारा वॉल्व्ह इमारतीच्या नळ्यांच्या डक्टमध्ये होता, पण कोणीतरी त्याचा स्क्रू पूर्ण फिरवून ठेवला होता. भगवानने तो तीनवर आणला. गिझर उतरवला. मला काढून हातात घेतलं.

"याचं तोंड कोणी बंद केलं?"

कौसाबाई म्हणाल्या, "मी. पोरीसाठीच केला."

नेत्राने राजसीला त्यांच्या मांडीवर दिलं. जोर उतरला, तसे ठोकेही थांबले होते. कौसाबाईंनी एक हात टाइलवर ठेवला, बराच वेळ. "आता बोलत नाय ती," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

आता मी भगवानच्या पिशवीत आहे. इथे अंधार आहे. माझ्यासारखे आणखीही आहेत. काहींच्या तोंडात अजून बूच आहे, आणि ते कोणत्या घरांतून आले हे त्यांना सांगता येत नाही.

मित्रांनो, गळणारं सगळंच वाया जात नसतं. घरी गेलात की गिझरच्या पोटाखाली एकदा बघा. हात लावू नका, मोठ्या माणसांना बोलवा. त्या छोट्या पितळी तोंडात कोणी बूच मारलं असेल, चिंधी बांधली असेल, तर त्यांना म्हणा, आधी गिझरचं बटण बंद करा, प्लंबरला बोलवा. आणि खाली बाळाची अंघोळ चालू असेल, तर हे सांगायला अंघोळ संपायची वाट बघू नका.