पोटातला उसना आवाज

मी खिशात मावणारा रेकॉर्डर बोलतोय. ऐकलेलं जसंच्या तसं ठेवायचं, एवढंच माझं काम. पण आता पोटात जे आहे त्याची मला शिसारी येते, म्हणून बोलतो.

पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माझी जुळणी झाली. भाषाशास्त्राचे प्राध्यापक रघुपती सर यांनी मला विकत घेतलं आणि थेट सुरिनामला नेलं. तुर्की आणि तिकडच्या कॅरिब भाषा सख्ख्या बहिणी, असं त्यांचं मत. दोन्हीकडे 'माझं घर', 'तुझा हात' म्हणताना घराला, हाताला मागून प्रत्यय लागतो. क्रियापदावरून वस्तूचं नाव करायचं तरी प्रत्ययच. तेवढ्यावर सरांनी सोयरीक जुळवून टाकली.

तिथली एक आजी माझ्याशी मनसोक्त बोलली. मासे, जाळं, नातवंडं, सगळं. मला तिचा आवाज फार आवडला. पण तिचे प्रत्यय काही तुर्कीशी जुळेनात.

परत आल्यावर जे. पी. नगरच्या घरी सरांनी आजीचे नकोसे शब्द पुसले. चहात बिस्कीट बुडवत, अगदी निवांत. मग शमिकाला बोलावलं. ही निपाणीची, त्यांची विद्यार्थिनी. तिच्या प्रबंधावर सरांची सही व्हायची होती. सरांनी जुळवलेले शब्द तिने म्हातारीच्या आवाजात म्हणायचे होते. ती नाही म्हणाली.

"स्वल्प सांभाळून घे गं," सर म्हणाले. "इथं कुणाला येते ती भाषा?"

तिने आवाज कापरा केला. मला किळस आली, पण गिळावंच लागलं.

व्हाइटफील्डच्या परिषदेत मला माइकपुढे ठेवलं. शमिकाची आई महानंदा मुद्दाम निपाणीहून आली होती. आजी बोलू लागली, मध्येच ते शब्द आले. मोठमोठे विद्वान माना डोलवत होते. महानंदा कौतुकाने उभीच राहिली.

"आमची शमिकाच की हो ही. ताप आला की अस्संच बोलती बघा."

सर हसले, आवाजात साम्य असतं म्हणाले. शमिका उठून माइकपाशी आली. मग म्हणाली, "आई बरोबर बोलती. तो आवाज माझा आहे."

आता मी चौकशीसाठी कपाटात बंद आहे. शमिकाला पदवी मिळेल का, ठाऊक नाही. सर रजेवर आहेत आणि 'माझा सिद्धांत' अजून सोडत नाहीत म्हणे. थू!

माझं एकच मागणं आहे. शमिकाचे ते शब्द काढा, पण उरलेल्या आजीला हात लावू नका. पुसलेले शब्द आता तिच्याकडेच मागावे लागतील, आणि सरांनी तिचं नाव विचारलंच नव्हतं.