राखण

आमचे बाबा बँकेच्या दारावर पहारा देऊन निवृत्त झाले, पण त्यांच्यातला पहारेकरी काही निवृत्त झाला नाही. आईच्या शेवटच्या आजारात ते हॉस्पिटलच्या खोलीबाहेर स्टूल टाकून बसले. "झोपलीय ती, उद्या ये," म्हणून मला दारातूनच परत पाठवलं. तो उद्या उजाडायच्या आत आई गेली. तेव्हापासून आम्ही बापलेक कामापुरतंच बोलतो.

किनाऱ्यावर पक्ष्यांची घरटी राखणाऱ्या स्वयंसेवकांत त्यांचं नाव मीच घातलं. घरी बसून माझं डोकं खाणार नाहीत, एवढाच स्वार्थ. घरटी चिखल्याची; हा मुठीएवढा पक्षी उघड्या वाळूत खळगा करून अंडी घालतो. गटाच्या बाईंनी बजावलं होतं, "काका, घरट्याभोवती बांधलेल्या दोरीपासून लांब, बाकावर बसायचं. कुत्रं आलं तर हाकलायचं आणि परत बाकावर."

"पहारा मला नका शिकवू," बाबा म्हणाले होते.

यंदा एकच घरटं वाचलं होतं. बाबांचा सगळा जीव त्यात. जेवताना अंड्यांच्या गोष्टी सांगून हसायचेसुद्धा, आणि मला उगाच बरं वाटायचं.

त्या दुपारी डबा घेऊन गेले तर बाक रिकामा. बाबा भर उन्हात दोरीला खेटून काठी घेऊन उभे. "सकाळपासून कुत्री घिरट्या घालतायत. एकाला फिरकू दिलं नाही!"

पलीकडे एक पक्षी ओरडत पुढे धावायचा, बाबांना बघून मागे पळायचा.

"ही बया तेव्हापासून माझ्यावर कावलीय," ते कौतुकानं म्हणाले.

मी त्यांचा दंड धरला. "बाबा, ती आई आहे त्यांची! तुम्ही इथे उभे राहिलात तर ती येणार कशी?"

चपलेतूनही वाळू पोळत होती. आम्ही बाकावर गेलो. पक्षी लगेच येऊन अंड्यांवर बसला.

पिल्लं निघायचे दिवस उलटले तरी तो बसलेलाच. बाई म्हणाल्या, "त्या दुपारी तिच्या अंगाची सावली मिळाली नाही, अंडी उन्हानं गेली. तिला अजून कळलेलं नाही."

बाबा रोज बाकावर येतच राहिले. काल मी शेजारी बसले. ते घरट्याकडे बघत होते.

"त्या दिवशी तुझी आई जागी होती," ते म्हणाले. "तुझा आवाज ऐकला तिनं. आत घे म्हणाली. मी म्हटलं, दमशील, उद्या बोल."