देवीला बोललेली सावर

“आवं, बाज जरा अलीकडं ओढा. खांब आड येतोय.”

हैबतीने बाज ओढली. दोन वर्षांपूर्वी साळूबाईची डावी बाजू गेली, तेव्हापासून त्याचा दिवस ह्याच कामाने उजाडायचा. ओटीवरून समोरच्या बांधावरची सावर तिला नीट दिसली पाहिजे, मग चहा. वरंधच्या वरच्या अंगाला डोंगराला चिकटलेली पंचवीस उंबऱ्यांची ती वाडी. निम्म्या घरांना कुलपं, उरलेल्यांत म्हातारी माणसं. बघायला दुसरं होतं तरी काय? पण माघ सरला की सावर पान न् पान टाकून लाल फुलांनी डवरायची आणि तिच्यावर पाखरांचा बाजार भरायचा. लाल डोक्याचे पोपट, पिवळेधमक हळदे, काळे कोतवाल, अंगठ्याएवढे जांभळे शिंजीर. फुलातल्या मधासाठी नुसती ढकलाढकली. साळूबाईला एकेकाची खोड ठाऊक होती.

“त्यो कोतवाल बगा. सोता खाईल थोडं नि दुसऱ्याला हाकलील जास्ती. आगदी तुमचा चांगू गावकर!”

हैबती हसला आणि चहा ठेवायला आत वळला. शिमगा आठ दिवसांवर आला होता आणि साळूबाईला अजून काही सांगितलेलं नव्हतं.

दोष द्यायचा तर त्याच्याच तोंडाला द्यायला हवा होता. दिवाळीनंतर लाकडाचा ठेकेदार वाडीत शिरला. सावरीचं लाकूड खोक्यांना चालतं, म्हणून त्याने दिसेल ती सावर घेतली. हैबतीचा बांध सामाईक. चुलतभावांनी मुंबईत बसून फोनवर होकार देऊन टाकला. करवतवाला झाडाखाली येऊन उभा राहिला, तशी साळूबाई ओटीवरून ओरडली, “आवं, कायतरी करा!”

हैबती घरात धावला. नारळ आणि कुंकू घेऊन आला, बुंध्याला मळवट भरला, नारळ फोडला आणि करवतवाल्याच्या तोंडावर म्हणाला, “ही सावर मी वाघजाईला होळीसाठी बोललोय. आता लाव हात!”

देवीला बोललेल्या झाडाला कोण हात लावणार? करवतवाला गुमान निघून गेला. साळूबाईने दिवसभर नवऱ्याच्या अकलेचं कौतुक केलं. होळीला उभं करून पेटवायचं झाड दरसाल ओढ्याकडच्या सावरींतूनच यायचं, तेव्हा हे बोलणं कोण लक्षात ठेवतंय, असा म्हाताऱ्याचा हिशेब. पण दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराने ओढ्याकडच्या सावरीही नेल्या. मागे राहिली ती ही एकटी.

आता शिमगा आठ दिवसांवर आला, तशी त्या संध्याकाळी देवळात गावकी बसली. हैबती हात जोडून म्हणाला, “यंदा आंब्याची होळी उबी करू. दोन झाडं देतो माझी.”

“देवीला बोललेली ठेवायची नि दुसरी उबी करायची?” चांगू गावकर म्हणाला. “वाडीत लेकरंबाळं हायत, हैबती.”

“माझी म्हातारी त्या झाडाकडं बगून दिवस काढते रे.”

“तुजं घर आधीच एक बाज धरून हाय. आजून काय बगायचंय तुला?”

हैबतीने जोडलेले हात खाली घेतले. देवीचं भय त्याच्याही पोटात होतंच. चांगू वाईट माणूस नव्हता, बाकीचेही नव्हते, आणि हेच त्याला जास्त लागलं. भांडायलासुद्धा कोणी उरलं नाही.

घरी येऊन त्याने साळूबाईला सगळं सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. फक्त एवढंच म्हणाली, “म्हंजे मीच वरडले नसते तर…”

“नसतीस वरडलीस तर तवाच गेली असती गो,” तो म्हणाला. त्याने दोघांचंही समाधान झालं नाही.

होळीच्या आदल्या दिवशी ढोल वाजवत वाडी बांधावर आली. पहिला घाव घालायचा मान हैबतीच्या घराचा. मुंबईहून आलेला त्याचा मुलगा प्रवीण म्हणाला, “बाबा, द्या इकडे. मी मारतो. तुम्ही टेन्शन नका घेऊ.”

“नाय. बोललो मी, घाव बी मीच घालनार.”

त्याने ओटीकडे पाठ केली आणि कुऱ्हाड उचलली. पाखरं एकदम उडाली. दिवस मावळायच्या आत शेंड्याच्या फुलांसकट सावर देवळापुढच्या माळावर उभी राहिली.

सकाळी हैबती माळावर गेला आणि जागीच थबकला. तोडलेल्या झाडाच्या शेंड्यावर पोपट होते, हळदे होते, शिंजीर फुलात चोच घालून लोंबकळत होते. कोतवाल नेहमीसारखा सगळ्यांना हाकलत होता. हैबतीने ढेकूळ उचलून भिरकावलं.

“जावा रं! सांजंला पेटवनार हायत!”

पाखरं उडाली, एक घिरटी घेऊन परत बसली. त्याने पुन्हा मारलं, ती पुन्हा बसली. खांदा भरून येईपर्यंत तो ढेकळं मारत राहिला, मग तसाच घरी परतला.

“आली व्हती का पाखरं?” साळूबाईने विचारलं.

“आली व्हती. माळावर, होळीवर.”

“नि उद्या वं?”

हैबतीने बांधाकडे पाहिलं. तिथे तोडलेल्या झाडाचा पांढराफेक खुंट तेवढा दिसत होता.

“बाज फिरवा,” ती म्हणाली. “भित्तीकडं.”

त्याने बाज फिरवली. आता खांब आड येत नव्हता.