दोन पायऱ्यांचं स्टूल

राळेगावच्या तहसील कार्यालयात दाखल्यांच्या खिडकीमागे अनघा बसते. उंची सव्वातीन फूट. दोन पायऱ्यांचं लाकडी स्टूल चढून ती खुर्चीवर पोचते, आणि एकदा पोचली की भल्याभल्यांची बोलती बंद. "दुसऱ्याची सही चालत नाही," हे ती दिवसातून वीसदा सुनावते. नवे लोक आधी हसतात, मग मुकाट्यानं रांगेत उभे राहतात.

अशी ही अनघा पाचव्या महिन्यात सासूबरोबर यवतमाळला सोनोग्राफीला गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ ठणठणीत आहे, पण उंची आईवर जाणार. पाडायचं असेल तर कायद्यानं अजून मुदत आहे. नवरा पियूष फोनवर म्हणाला, "तू म्हणशीन तसं." पण सासूनं, लीलाबाईंनी, लगेच पाडायच्या संमतीचा कागद मागितला.

लीलाबाई काही वाईट बाई नव्हे हो. ओट्याशी हात पोचत नाही म्हणून तीन वर्षं त्यांनी सुनेला स्वयंपाकघरात राबू दिलं नव्हतं. "तू बस, मी हाव ना." त्याच मायेनं त्यांनी आता पेन उचललं. "मीच करतो सही."

"फक्त तिचीच लागते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सासूची नाही, नवऱ्याचीही नाही."

अनघाला काय बरं वाटलं म्हणून सांगू! जन्मभर तिच्या वतीनं बाकीचेच बोलत आले होते. "मोकळीक आहे, हुकूम नाही ना?" तिनं विचारलं आणि कागद परत सरकवला. "ज्या बाईला लागेल तिला द्या. मला माझं लेकरू पाहिजे. बाळंतपणासाठी नाव लिहून घ्या."

बसस्टँडवर लीलाबाई रडायला लागल्या. "लोकं हासतीन वं त्याले. किती अवघड जाईन त्याले."

"मी बुटकी हाव म्हणून अवघड नाही जात, आई. ओटा उंच हाय म्हणून जाते. तिकडं हापिसात मी सारा तालुका रांगेत उभा करतो, अन् घरी मले कपभर चहा करता येत नाही. काहून? तिथं स्टूल हाय."

राळेगाव आलं तशा लीलाबाई उतरल्या आणि घराकडे न वळता तरातरा सुताराच्या दुकानात शिरल्या. ऑफिसचं स्टूल त्यानंच केलेलं.

"तसंच घरी पाह्यजेन, ओट्यासाठी," त्या म्हणाल्या. "दोन कर. एक लहान."

"लहान कोणासाठी?" सुतारानं विचारलं.

"माह्या नातवंडासाठी," लीलाबाईंनी ठणकावून सांगितलं, आणि माप द्यायला सुनेला पुढं केलं.