खुणेचा कान

ऋतिकनं फळ्यावर आधी ‘दिग्दर्शन’ लिहिलं, पुढे दोन टिंबं दिली आणि मग स्वतःचं नाव इतक्या सावकाश काढलं, की बघणाऱ्याला वाटावं, हा सही करतोय. नाव पुरं झाल्यावर त्यानं मार्करनं पहिल्या अक्षरावर टकटक केलं.

“ऋषीतला ऋ. दिशे, तू ग्रुपवर कायम रि लिहितेस. फिल्मच्या टायटलला तसलं चालायचं नाही.”

दिशा बाकाच्या टोकाला बसली होती. फळ्यावर सगळ्यांत वर अजून थोडी जागा होती. तिथं ऋतिकनं ‘कथा’ लिहिलं आणि पुन्हा नाव लिहायचा कंटाळा आल्यासारखा एक बाण खाली ओढला, थेट ऋपाशी.

दिशाची कानशिलं तापली. ती गोष्ट तिनं कॉलेजच्या कँटीनमध्ये सांगितली होती. तिच्या आजीची, चिमाबाईची गोष्ट. लग्नात आजीला माहेराहून एक मेंढी आंदण मिळाली होती. एका उन्हाळ्यात ती कळपातून गेली. बिबट्यानं नेली म्हणून घरचे सगळे गप्प बसले. आजी बसली नाही. जुन्नरपासून आंबेगावपर्यंत जिथं जिथं मेंढरं उतरली होती, तिथं तिथं ती हिंडली आणि शेवटी एका परक्या कळपात तिला ती सापडली. चोरानं कानावर आपली खूण कापली होती, पण तिच्याखाली माहेरची जुनी चीर आजीच्या बोटाला लागली. दिशानं हे असं रंगवून सांगितलं होतं, की सगळे खो खो हसले होते आणि चहा गार झाला होता.

“गोष्ट मी सांगितली होती,” ती म्हणाली.

“सांगितलीस ना. लिहिली मी. कथा लिहिणाऱ्याची असते.” ऋतिकनं मार्करचं टोपण लावलं. “आणि मी त्यात बदल केलाय की. कान काय दिसणार कॅमेऱ्यात? मेंढीच्या पाठीवर लाल पट्टा मारायचा. आजी लांबूनच ओळखते, पळत येते, वरनं ड्रोन. राजा, जमंल ना?”

राजरत्न कॅमेरा सांभाळणार होता. लग्नाच्या शूटिंगा करून त्याचा हात बसला होता. त्यानं मान हलवली, पण दिशाकडे बघायचं टाळलं. श्रेयाला आवाज आणि एडिटिंग मिळालं. मग दिशाचं नाव तेवढं उरलं.

“कंटिन्यूइटी,” ऋतिक म्हणाला. “पहिल्या रविवारी जे दिसलं, तेच दुसऱ्या रविवारी दिसलं पाहिजे. लुगडं, बांगड्या, सगळं. तुझं काम म्हणजे नुसतं लक्ष ठेवायचं गं. मेंढरं तुमची, आजी तुझी, म्हणजे तुला सोपंच.”

मेंढरं आमची, आजी आमची, गोष्ट आमची, आणि नाव तेवढं तुझं. दिशानं हे गिळलं आणि नुसतं “बरं” म्हटलं. त्या ‘बरं’मध्ये काय भरलंय ते टिपणारा माईक श्रेयाकडे नव्हता.

पहिल्या रविवारी ओझरच्या अलीकडे, कांदा काढून मोकळ्या झालेल्या एका रानात शूटिंग झालं. दिशाच्या चुलत्याची, राघूकाकाची मेंढरं तिथं खतासाठी बसायला होती. लोकर चांगली वाढलेली, कळप नुसता गुबगुबीत दिसत होता. ऋतिकनं एका मेंढीच्या पाठीवर लाल रंगाचा ब्रश फिरवला, तेव्हा आजी कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

“ह्यो पट्टा कशापायी रं लेकरा?”

“ओळखायला, आजी.”

“रंगानं काय वळखायचं? एका पावसात जातूय त्यो. खूण म्हंजी कान.”

“शिनेमात असंच असतंय, आजी,” ऋतिक म्हणाला आणि राजरत्नला डोळा मारला.

दिशानं तो डोळा पाहिला. मग तिनं आपलं काम चोख केलं. आजीच्या बांगड्या, खोचलेला पदर, काठी कुठल्या हातात, सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले. तिच्या कामात कुणाला बोट ठेवायला जागा नको होती. मेंढी हरवण्याचा भाग झाला. सापडण्याचा भाग पुढच्या रविवारी, आणि त्यानंतर दोनच दिवसांनी फिल्म कॉलेजला द्यायची होती.

बुधवारी राघूकाका घरी आला. ओट्यावर टेकून त्यानं पाणी मागितलं.

“दिशे, कातरणारी माणसं उद्या मोकळी हायती. तुमचं शूटिंग झालं न्हवं? न्हाईतर त्यास्नी पुढल्या हप्त्यात बोलावतो. मला काय घाई न्हाई.”

दिशाच्या हातात तांब्या होता. लोकर उतरली की कळप कसा दिसतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. मेंढरं निम्मी होतात, माना लांब दिसतात, आपलं मेंढरू आपल्याला परकं वाटतं. पाठीवरचा लाल पट्टा तर लोकरीबरोबरच पोत्यात जाणार. एक ‘न्हाई’ म्हटलं असतं, तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं.

“झालं, काका,” ती म्हणाली आणि तांब्या त्याच्या हातात दिला.

यात आपलेही मार्क जाणार, हे तिला कळत होतं. गेले तर गेले. ऋतिकचं तोंड कसं होईल, एवढंच तिला बघायचं होतं. त्या संध्याकाळी तिला एक भाकरी जास्त गेली.

रविवारी ऋतिक मोटारसायकलवरून उतरला आणि गॉगल काढून तसाच उभा राहिला.

“ही कुणाची मेंढरं?”

“आमचीच. तीच.”

“तीच? लाल पट्टा कुठंय?”

“लोकरीबरोबर गेला. लोकर पोत्यात भरून ठेवलीय. आणून दाखवू?”

ऋतिकनं गॉगल खिशात कोंबला. “कातरणार आहेत, हे तुला माहीत नव्हतं?”

“होतं की.”

“मग बोलायचं नाही? कंटिन्यूइटी तुझ्याकडं आहे ना!”

“माझं काम नुसतं लक्ष ठेवायचं,” दिशा म्हणाली. “मी ठेवलं.”

हे वाक्य तिनं तीन दिवस तोंडात घोळवलं होतं, आणि ते तिनं ठरवल्यापेक्षाही बरं उतरलं. ऋतिक बांधावर बसला आणि त्यानं दोन्ही हातांत डोकं धरलं. श्रेया हळूच म्हणाली, “आता गं?” राजरत्ननं कॅमेऱ्याची बॅग न उघडताच खाली ठेवली. दिशाला वाटलं, हे दृश्य कुणीतरी टिपायला हवं. बांधावरचा तो दिग्दर्शक, मागं नागडीउघडी मेंढरं. तिचं मन तुडुंब भरलं होतं.

एवढ्यात आजी आली. तेच लुगडं, त्याच बांगड्या, काठी त्याच हातात. आज मेंढी सापडायची, एवढंच तिला सांगितलेलं होतं. शूटिंग मोडलंय, हे तिला सांगायचं कुणालाच सुचलं नाही. ती बांध उतरून सरळ कळपात शिरली.

पट्टा नव्हता. सगळी मेंढरं एकासारखी एक. आजी जराशी थांबली. मग तिनं काठी खाली टाकली, जवळच्या मेंढीला हनुवटीखाली धरलं आणि तिचा कान अंगठ्यानं चाचपला. सोडला. दुसरी धरली. कान चाचपला. सोडला. तिची बोटं घाई करत नव्हती.

बॅगेची चेन उघडल्याचा आवाज झाला. राजरत्न गुडघ्यावर बसला होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. श्रेयानं माईकची काठी पुढे केली. ऋतिकनं डोकं वर केलं, तोंड उघडलं, पण ‘ॲक्शन’ म्हणायला उशीर झाला होता.

एका मेंढीचा कान आजीनं सोडला नाही. बोटं पुन्हा पुन्हा एकाच जागी फिरत राहिली. मग ती तिथंच, ढेकळांत, मांडी मोडून बसली.

“वरनं कापलं तरी खालचं ऱ्हातंय गं बाई,” ती मेंढीला म्हणाली.

हे वाक्य ऋतिकच्या कागदांत नव्हतं. दिशाच्या गोष्टीतही नव्हतं. घरी ही गोष्ट सांगताना आजी इथं नेहमी हसायची, म्हणून दिशाही कँटीनमध्ये इथंच हसली होती. आज आजी हसत नव्हती. ‘कट’ कुणी म्हणालंच नाही. मेंढरं पांगली तेव्हा राजरत्ननं कॅमेरा खाली घेतला.

कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली, तेव्हा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी चष्मा काढला. तो पुसून झाल्यावर ते म्हणाले, “लोकर उतरली, रंग गेला, आणि मग ती बाई कानाला हात लावते. दिग्दर्शकाला हे सुचलं कसं?”

ऋतिक उभा राहिला. त्यानं एकदाच दिशाकडे पाहिलं.

“सर, तो विचार पहिल्यापासनंच होता डोक्यात.”

दिशानं ओढणीचं टोक मुठीत आवळलं. कान काय दिसणार कॅमेऱ्यात, असं म्हणणारा हाच ना?

“आणि मेंढरं मधे कातरून घेतलीत. किती काळ ती शोधत होती, ते न बोलता कळतं. कंटिन्यूइटी कुणी बघितली?” परीक्षकांनी विचारलं.

“दिशानं, सर.”

टाळ्या वाजल्या. आयुष्यात पहिल्यांदा भरल्या हॉलमध्ये तिच्या नावाच्या टाळ्या, आणि त्याही ऋतिकचं वाटोळं करायला निघाली होती त्याबद्दल. ती उठून उभी राहिली, हसली आणि बसली. आतून मात्र तिला कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं.

फिल्म पुण्याच्या एका स्पर्धेला पाठवायचं ठरलं. ऋतिकनं जिन्यात तिला गाठून पेन ड्राइव्ह हातात दिला. श्रेया बहिणीच्या साखरपुड्याला गेली होती.

“टायटलात शुद्धलेखन चुकलंय म्हणे. तेवढं बघ आणि लगेच अपलोड कर, आज शेवटची तारीख आहे. गावात माझा सत्कार आहे, मला जायचंय. कंटिन्यूइटी तुझीच ना!” तो दोन पायऱ्या उतरून वळला. “आणि ऋ बघ.”

“बघते,” दिशा म्हणाली.

दुपारच्या लॅबमध्ये पंख्याशिवाय कुणी नव्हतं. तिनं टायटल उघडलं. ‘कथा : ऋतिक’. तिनं खोडायची कळ दाबली, पण धरून ठेवली नाही, एकेकदा दाबली. आधी क गेला, मग वेलांटी, मग त. शेवटी एकटा ऋ उरला. त्याच्याकडे तिनं डोळे भरून पाहिलं आणि मग त्यालाही घालवलं.

मोकळ्या जागेत तिनं ‘दि’ लिहिलं. शा लिहायला बोट उचललं आणि ते तसंच राहिलं. सांगितली मी, लिहिली त्यानं, यावर ती महिनाभर मनातल्या मनात भांडत आली होती. समोरच्या पडद्यावर ढेकळांत बसलेली आजी थांबलेली होती, अंगठा मेंढीच्या कानावर.

दिशानं ‘दि’ पुसला आणि चिमाबाई लिहिलं. आडनाव सासरचं लिहिलं नाही. माहेरचं लिहिलं.

मग ती खालच्या ओळीवर आली. ‘दिग्दर्शन : ऋतिक’. इथं काही चुकलेलं नव्हतं. तिनं खुर्ची जरा पुढे ओढली, ऋ काढला, तिथं रि टाकला आणि फिल्म पाठवून दिली.